एका भोकाचे तीन आरोपी

चष्मेवाले स्वयंपाकघरात दुधावर डोळा ठेवून उभे होते, तेवढ्यात आतल्या खोलीतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे वकीलबाईंचा, आवाज आला, "हे कोणी केलं?"

"माझंच चुकलं," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी गॅस बारीक केला.

काय झालंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची गरजही वाटली नव्हती. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली की काही वाक्यं माणसाच्या तोंडून शिंकेसारखी निघतात, त्यांत विचार नसतो. बायको पडली फौजदारी वकील. 'मी नाही केलं' असं तिला म्हणून पाहावं, तर उलटतपासणी सुरू व्हायची आणि ताटातलं गार होईपर्यंत संपायची नाही. 'माझंच चुकलं' म्हटलं की खटला जागीच निकाली. शिक्षा व्हायची, नाही असं नाही. आठवडाभर भांडी घासा, नाहीतर मोठ्या मेहुणीचा फोन आला की तुम्ही बोला. पण दोन शब्दांत घर शांत होत असेल तर खरं कोण आणि खोटं कोण या भानगडीत शहाण्याने पडू नये, असं चष्मेवाल्यांचं मत होतं. दुकानातही त्यांचा हाच खाक्या. गिऱ्हाईक स्वतःच्या चष्म्यावर स्वतः बसलेलं असलं, तरी वाकडी काडी सरळ करून देताना ते म्हणायचे, "माझंच चुकलं, जरा मऊच काडी दिली तुम्हाला."

आतून पुढचा आवाज आला नाही. हे लक्षण बरं नव्हतं. वकीलबाई बोलत असल्या की काळजी नसे. गप्प बसल्या की समजावं, प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. चष्मेवाले दूध तसंच टाकून आत गेले.

वकीलबाई पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. मांडीवर कोर्टात घालायचा काळा गाऊन होता आणि गाऊनच्या पाठीला इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं होतं. कडा वितळून टणक झाल्या होत्या. वकीलबाईंनी भोकातून हात आरपार घातला होता आणि त्या स्वतःच्याच बोटांकडे बघत होत्या.

तो गाऊन त्यांच्या वडिलांचा. तेही वकीलच होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण खटल्यात शेवटचा युक्तिवाद करायचा असला की वकीलबाई स्वतःचा गाऊन खुंटीला ठेवून वडिलांचा घालायच्या. खांद्यात सैल, बाह्या लांबलचक. "ही अंधश्रद्धा नाही, सवय आहे," असं त्या सांगायच्या, आणि त्यांच्याशी वाद घालायची कोणाची छाती होती?

आणि उद्या माळीकाकांच्या खटल्यात शेवटचा युक्तिवाद होता.

माळीकाका म्हणजे एका क्लबाच्या मैदानावरचं गवत राखणारे म्हातारे गृहस्थ. क्लबाच्या कपाटातला चांदीचा कप नाहीसा झाला. कपाटाच्या किल्ल्या चारचौघांकडे असायच्या. माळीकाकांना कप नेताना कोणी पाहिलं नव्हतं, त्यांच्या खोलीत तो सापडला नव्हता. पण क्लबाच्या सेक्रेटरींनी त्यांना सगळ्या कमिटीपुढे उभं करून "कप कुठाय?" असं दरडावलं, तेव्हा माळीकाका हात जोडून म्हणाले होते, "माझं चुकलं, साहेब." कमिटीच्या सभासदांनी कोर्टात येऊन शपथेवर तेवढंच सांगितलं, आणि तेवढ्यावर म्हातारा तुरुंगाच्या दारात येऊन उभा राहिला. चष्मेवाल्यांना त्यांचा चष्मा ठाऊक होता, जाड भिंगांचा. दुकानात शिरण्याआधी माळीकाका पायरीवर पाय पुसायचे, आणि पुसूनही आत यायला बिचकायचे. असा माणूस तुरुंगात किती दिवस टिकेल, याची चष्मेवाल्यांना काळजी होती.

वकीलबाईंना कायदा तोंडपाठ होता. गुन्हा शाबीत करायची जबाबदारी आरोप करणाऱ्याची. आरोपीने काहीच शाबीत करायचं नसतं. शंकेला जागा उरली तर फायदा आरोपीला. पण न्यायाधीश झाला तरी माणूसच. तो विचारणार, 'बाई, केलं नव्हतं तर म्हणाला कशाला?' आठवडाभर वकीलबाई या प्रश्नाशी झुंजत होत्या आणि उत्तर सापडत नव्हतं. सापडणार तरी कुठून? त्यांनी स्वतः जन्मात कधी 'माझं चुकलं' म्हटलेलं नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "कधी केलंत हे?"

चष्मेवाल्यांनी गाऊनकडे पाहिलं, मग बायकोकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आपण काही केलं नाही हे सांगायची वेळ तर केव्हाच निघून गेली होती. शिवाय त्यांच्या मनात दुसरंच भय होतं. घरात इस्त्रीची हौस एकाच व्यक्तीला, त्यांच्या आईला. म्हातारी टॉवेलांना इस्त्री करायची, फडक्यांना करायची, एकदा पायपुसण्यालाही केली होती. आता आपण हात वर केले तर आई सापडणार.

"दुपारी," ते म्हणाले.

"दुपारी लाईट नव्हती."

"म्हणजे, लाईट जायच्या आधी."

"लाईट सकाळी गेली ती आत्ता आली. सकाळी तुम्ही दुकानात होतात. सुट्टी असून गेलात."

"मग काल रात्री असेल."

"काल रात्री गाऊन लाँड्रीत होता. आज सकाळी मी स्वतः जाऊन आणला."

चष्मेवाल्यांनी नाकावरचा चष्मा वर सरकवला. लोकांना अंगावरचा आरोप झटकायला पुरावा मिळत नाही; यांना अंगावर घेतलेला टिकवता येईना.

"खोटं बोलताय तुम्ही."

"माझंच चुकलं."

"कशात? गाऊन जाळण्यात की खोटं बोलण्यात?"

"दोन्हीत."

तेवढ्यात दारातून आजी, म्हणजे चष्मेवाल्यांच्या मातोश्री, आत आल्या. हातात पातेलं होतं. "दूध सगळं ओट्यावर गेलं. आणि सूनबाई, त्याला नको बोलूस. ते मी केलंय."

"आई, तुम्ही?"

"मीच. करायला गेले एक आणि झालं एक. काय ओरडायचंय ते मला ओरड."

चष्मेवाल्यांनी सुस्कारा सोडला. शंका खरी ठरली, निदान कबूल तरी केलं म्हातारीने. पण तो सुस्कारा पुरा व्हायच्या आत त्यांची कॉलेजात जाणारी लेक कानातल्या इअरफोनच्या दोऱ्या काढत आली आणि म्हणाली, "आजी, तू कशाला मधे पडतेस? आई, ते मी केलं. सॉरी."

वकीलबाई उठून उभ्या राहिल्या. कोर्टात त्यांच्या वाट्याला न कबूल करणारेच यायचे. एका भोकाला तीन आरोपी, आणि तिघेही रांगेत उभे राहून गुन्हा मागून घेतायत, हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

"बरं. तिघांनी मिळून केलंत का?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "हो," चष्मेवाले म्हणाले. "समान उद्देशाने." हे दोन शब्द त्यांनी बायकोच्याच तोंडून ऐकले होते आणि केव्हातरी वापरायची फार इच्छा होती.

वकीलबाईंनी गाऊन पाठीमागे लपवला आणि एकेकाला गॅलरीत बोलावून एकच प्रश्न विचारला, "इस्त्रीचं टोक कुठल्या बाजूला होतं?" आजींनी सांगितलं, वर, कॉलरकडे. लेक म्हणाली, खाली. चष्मेवाल्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मधे." टोक डाव्या खांद्याकडे होतं.

"म्हणजे तुमच्यापैकी कोणीच केलेलं नाही," वकीलबाई खोलीत परत येऊन म्हणाल्या. "मग ही नाटकं कशासाठी?"

"मला वाटलं, पोरीने केलं," आजी म्हणाल्या. "उद्या तिला फिरायला जायचंय मैत्रिणींबरोबर. तू घरात डांबलं असतंस."

"आणि मला वाटलं, तू केलंस," लेक म्हणाली. "तुझा हात थरथरतो हल्ली."

"माझा हात थरथरतो? सुईत दोरा मी ओवते या घरात. तुला सुईचं भोक तरी दिसतं का?"

"भोकाचं नाव काढू नका," चष्मेवाले हळूच म्हणाले.

वकीलबाई टेबलापाशी गेल्या. पंखा बंद म्हणून दिवसभर खिडकी उघडी होती. माळीकाकांच्या खटल्याच्या कच्च्या टिपणांचे कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर कायद्याची जाडजूड पुस्तकं, पाण्याची बाटली, इस्त्री, एक बंद पडलेलं कुलूप, जे हाताला लागेल ते ठेवलेलं होतं. त्या खुर्चीत बसल्या. राग निवला होता. आता त्या नुसत्या थकलेल्या दिसत होत्या.

"मला एवढंच सांगा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "यांचं समजू शकते. पण तुम्ही तर गाऊन बघितलाही नव्हता. न केलेल्या गोष्टीची कबुली का दिलीत?"

"कबुली कुठे दिली? मी कुठे म्हणालो, गाऊन मी जाळला? मी म्हणालो, माझंच चुकलं."

"एकच ना ते?"

"छे. एकच कसं?" चष्मेवाले खरोखरच चकित झाले. "अगं, समोरचं माणूस चिडलं की म्हणायचं असतं ते. दार वाजलं की 'आलो आलो' म्हणतो ना, तसं. त्याचा अर्थ एवढाच, की तू चिडलीस याचं मला वाईट वाटतंय, आता आवाज खाली घे."

वकीलबाई नवऱ्याकडे टक लावून बघत राहिल्या. नंबर बदललेला चष्मा पहिल्यांदा डोळ्यावर चढवल्यावर गिऱ्हाईक जसं रस्त्यापलीकडची पाटी बघतं, तशा.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही जे जे कबूल केलंत, ते…"

"सगळंच काही तसं नाही," चष्मेवाले घाईने म्हणाले.

पण वकीलबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी कोरा कागद ओढला होता आणि पेनाचं टोपण त्या दातांनी काढत होत्या.

त्या संध्याकाळी आजींनी जुन्या छत्रीचं काळं कापड काढून गाऊनला ठिगळ लावलं, आणि नातीला दाखवून दाखवून सुईत दोरा ओवला. "छत्रीचं आहे," त्या म्हणाल्या. "आत पाणी झिरपायचं नाही."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनी दुकान बंद ठेवलं आणि ते कोर्टात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. आरोपीच्या पिंजऱ्यात माळीकाका उभे होते. धुतलेला सदरा, हात पोटाशी धरलेले. कोणाचाही आवाज चढला की ते दचकत होते.

सरकारी वकील गोल चेहऱ्याचे, स्वभावाने बरे होते. म्हाताऱ्याशी त्यांचं वैर नव्हतं; पण काम ते काम. "साहेब," ते म्हणाले, "यात कायद्याचा कीस काढण्यासारखं काही नाही, ही साधी मराठी आहे. ज्याचं चुकलं नाही, तो म्हणतो, मी केलं नाही. 'माझं चुकलं' असं ज्याचं चुकलंय तोच म्हणतो." एवढं बोलून ते बसले आणि न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं.

वकीलबाई उठल्या. "साहेब, काल माझ्या घरी एक गुन्हा घडला. तासाभरात तिघांनी कबुली दिली. तिघंही निर्दोष होते." त्या पाठमोऱ्या झाल्या आणि त्यांनी छत्रीचं ठिगळ दाखवलं. "हा त्यातला मुद्देमाल."

"हरकत आहे, साहेब," सरकारी वकील उठले. "मॅडमच्या घरच्या गोष्टी पुराव्यात कुठे आहेत?"

"हरकत मंजूर," न्यायाधीश म्हणाले. "पुराव्यात घेता येणार नाही." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तिघं कोण?"

"नवरा, सासू आणि मुलगी, साहेब."

"हं," न्यायाधीश म्हणाले. सासू या शब्दाला त्यांच्या भुवया जराशा वर गेल्या होत्या. "पुढे बोला."

"पुढे एवढंच, की चूक आणि गुन्हा हे एक नव्हे. धाकात राहिलेला माणूस चूक आधी कबूल करतो आणि कसली ते नंतर विचारतो. माझ्या अशिलाने कप घेतला असं तो कधीच म्हणालेला नाही. सेक्रेटरीसाहेब चिडले, म्हणून तो म्हणाला, माझं चुकलं. कप घ्यायचा हेतू, कप घेतल्याचा पुरावा, खुद्द कप, यातलं काय आहे फिर्यादींकडे?" असं म्हणत वकीलबाईंनी फिर्यादी पक्षाच्या टेबलाकडे हात केला. वडिलांच्या गाऊनची लांब बाही त्या हाताबरोबर गेली आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास सरकारी वकिलांच्या कागदांवर आडवा झाला.

"माझं चुकलं, साहेब," सरकारी वकील गडबडीने रुमालाने पाणी टिपत म्हणाले.

न्यायाधीशांनी चष्मा काढून हातात घेतला.

"ग्लास कोणी पाडला?"

"मॅडमच्या बाहीने पडला, साहेब."

"मग चुकलं कोणाचं?"

ओला रुमाल पिळायचा कुठे, ते सरकारी वकिलांना सुचेना. "तसं म्हणायची… पद्धत आहे, साहेब."

"माझं म्हणणं तेवढंच होतं," वकीलबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

शेवटच्या बाकावर चष्मेवाले विचारात पडले. आजवर बायकोच्या हातून पाण्याचा थेंब सांडलेला त्यांनी पाहिला नव्हता. पण शंकेचा फायदा आरोपीलाच द्यायचा असतो, म्हणून त्यांनी तो देऊन टाकला.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल आला. नुसत्या एका वाक्यावर माणसाला चोर ठरवता येत नाही, ते वाक्य खेदाचंही असू शकतं, म्हणून संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष मुक्तता. ऐकून माळीकाकांना पहिल्यांदा काही कळलंच नाही. शिपायाने पिंजऱ्याचं दार उघडलं, तसे ते भरल्या डोळ्यांनी पुढे झाले, हात जोडले आणि न्यायाधीशांना म्हणाले, "माझं चुकलं, साहेब."

वकीलबाईंनी त्यांचं कोपर पकडलं. न्यायाधीश हसू दाबत म्हणाले, "काका, गप्प राहायचा हक्क प्रत्येक आरोपीला असतो. तुम्ही तो आता यापुढेही वापरत जा."

संध्याकाळी घरी सगळे खुशीत होते. वकीलबाईंचा मूड तर असा, की त्यांनी स्वतः चहा केला आणि नवऱ्याच्या हातात आणून दिला.

"मी विचार करतेय," त्या म्हणाल्या, "तुमच्यावर फार अन्याय झाला. आता मी तुमची सगळी जुनी प्रकरणं पुन्हा तपासणार. तो काचेचा जग फुटला होता, तो तुम्ही फोडला होता का हो?"

"नाही. खिडकी आपटली, त्याने पडला."

"अरेरे. आणि भांडी तुम्ही घासलीत. आणि माझ्या मैत्रिणीने दिलेली ती निळी फुलदाणी?"

चष्मेवाल्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ती फुलदाणी त्यांनीच फोडली होती. दिवाणखान्यात, एकटे असताना, तिच्यावर टॉवेल फेकून नेम धरण्याच्या नादात. "जुनी प्रकरणं कशाला उकरून काढायची?" ते म्हणाले. "मुदत संपली त्यांची. तू आपली टेबल आवर बघू. कागदांचा पसारा बघवत नाही."

वकीलबाई हसत आत गेल्या. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत, काही आवाजही आला नाही. चष्मेवाल्यांना ती शांतता ओळखीची वाटली. फुलदाणीचं कळलं की काय, म्हणून ते उठले.

वकीलबाई टेबलापाशी उभ्या होत्या. माळीकाकांच्या कागदांवर वजन म्हणून ठेवलेली इस्त्री त्यांच्या हातात उलटी धरलेली होती. इस्त्रीच्या तळाला काळं कापड वितळून चिकटलं होतं, आणि सगळ्यात वरच्या कागदावर इस्त्रीचं पिवळट चित्र उमटलं होतं.

"काल सकाळी," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "गाऊन आणला तर त्याला घडी पडली होती. म्हटलं, जरा इस्त्री फिरवू. तेवढ्यात माझ्या ज्युनिअरचा फोन आला. बोलता बोलता लाईट गेली, फोनच्या नादात न बघताच मी गाऊन टांगला आणि इस्त्री… कागद उडत होते म्हणून…" त्यांनी इस्त्री सरळ केली, पुन्हा उलटी केली. "बाबांचा गाऊन, आणि मीच. आणि मी सगळ्या घराला गॅलरीत उभं केलं." त्यांनी मान खाली घातली. ओठ हलले, पण शब्द बाहेर पडायला वेळ लागला. पहिल्यांदाच निघत होते, वाट सापडत नव्हती. "माझं चुकलं."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. या दोन शब्दांचं आता काय करायचं, हे त्यांना कळेना. आयुष्यभर ते फक्त द्यायची सवय, घ्यायची नव्हती. बायकोचा पडलेला चेहरा त्यांना बघवेना. त्यांनी तिच्या हातातून इस्त्री काढून घेतली.

"याला कबुली म्हणत नाहीत, वकीलसाहेब," ते म्हणाले. "कोर्टाने आजच सांगितलंय."

तिच्या तोंडावर रडू आणि हसू एकदमच आलं. तेवढ्यात बाहेरून आजींचा आवाज आला, "काय गं झालं? गाऊन कोणी जाळला ते कळलं का?"

वकीलबाई दचकल्या. चष्मेवाल्यांनी इस्त्रीचा तळ स्वतःच्या सदऱ्याकडे वळवून धरला.

"काही नाही, आई," ते ओरडून म्हणाले. "माझंच चुकलं."

मग ते बायकोकडे बघत थांबले, तिला यावर काही म्हणायचंय का ते पाहायला. वकीलबाईंनी पदराऐवजी खुर्चीवर टाकलेल्या गाऊनच्या लांब बाहीने डोळे पुसले.

"हरकत नाही," त्या म्हणाल्या.